मेंदूची शस्त्रक्रिया : सर्जन कसा शोधायचा, पदवी कशी तपासायची, विमा कुठे अडतो?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक. सहा महिने डोके दुखत होते. चष्म्याचा नंबर बदलून झाला, पित्ताच्या गोळ्या घेऊन झाल्या. मग उजव्या हातातून चहाचा कप सुटू लागला आणि मुलाने त्यांना सोलापूरला नेऊन एमआरआय केला. अहवालात ‘मेनिन्जिओमा’ असा शब्द होता. संध्याकाळपर्यंत मुलाच्या मोबाइलवर चार न्यूरोसर्जनची नावे आली होती. एक मेहुण्याने पाठवले, एक बँकेतल्या साहेबांनी, एक एमआरआय केंद्रातल्या माणसाने आणि एक गावातल्या डॉक्टरांनी. चौघांचेही शब्द जवळपास सारखेच होते : ‘एकदम देवमाणूस आहे, डोळे झाकून जा.’

मेंदूच्या बाबतीत डोळे झाकून जायची गरज क्वचितच असते. मेनिन्जिओमा ही मेंदूच्या आवरणातून निघणारी गाठ बहुतांश रुग्णांत कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. म्हणजे या कुटुंबाकडे काही तास नव्हे, तर काही दिवस होते. त्या दिवसांत काय तपासता आले असते, काय तपासले गेले आणि काय राहून गेले, हे पुढच्या मजकुरात अधूनमधून येईल. त्यांची फरपट काही जगावेगळी नाही.

न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन एकच का?

नाही. पहिली गफलत इथेच होते. न्यूरोलॉजिस्ट हा मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांवर औषधोपचार करणारा तज्ज्ञ. फिट येणे, अर्धांगवायू, कंपवात, अर्धशिशी यांसाठी आधी त्याच्याकडे जायचे. त्याची पदवी एमडी मेडिसिन आणि त्यानंतर डीएम न्यूरोलॉजी. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतो : डोक्याला मार, मेंदूतली गाठ, रक्तस्राव, मेंदूत पाणी साचणे, मणक्यातली दबलेली नस. अनेकदा दोघेही लागतात आणि चांगला न्यूरोसर्जन ‘याला सुरीची गरज नाही, अमक्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा’ असे स्वतःहून सांगतो.

मधल्या जागेत आणखी दोघे आहेत. मणक्याची शस्त्रक्रिया न्यूरोसर्जन करतो, तशीच मणक्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेला अस्थिशल्यचिकित्सकही करतो. त्यात गैर काही नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने बाहेर काढणे किंवा फुगा आलेली रक्तवाहिनी आतून बंद करणे, ही कामे बहुधा इंटरव्हेन्शनल न्यूरोरेडिओलॉजिस्टची असतात. काही न्यूरोसर्जन आणि न्यूरोलॉजिस्टही हे प्रशिक्षण घेतात. ‘न्यूरोथेरपी’च्या पाट्यांचा मात्र यातल्या कशाशीच संबंध नाही. नाव सारखे वाटते एवढेच.

पाटीवरच्या अक्षरांचा अर्थ काय?

भारतात न्यूरोसर्जन होण्याचे सरळ मार्ग तीन आहेत. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत एमएस आणि त्यावर तीन वर्षांचे एमसीएच न्यूरोसर्जरी, हा सर्वांत रुळलेला. दुसरा मार्ग राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा : त्याची पदवी पूर्वी ‘डीएनबी न्यूरोसर्जरी’ म्हणून लिहिली जाई, आता ‘डीआरएनबी’ असे लिहितात. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर पहिले आणि नव्यांच्या पाटीवर दुसरे दिसले तर गोंधळू नये. तिसरा मार्ग म्हणजे एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम. तो काही मोजक्याच संस्थांत आणि परीक्षा मंडळाच्या काही जागांवर आहे. अशा डॉक्टरांच्या नावापुढे ‘एमएस’ नसते, पण म्हणून त्यांचे शिक्षण कमी ठरत नाही.

एमसीएच म्हणजे ‘मॅजिस्टर चिरुर्गी’, शल्यशास्त्रातली सर्वोच्च पदवी. पण ती अनेक शाखांत मिळते : युरोलॉजी, प्लास्टिक सर्जरी, हृदय शस्त्रक्रिया. त्यामुळे नुसते ‘एमसीएच’ पुरेसे नाही, पुढचा शब्दही वाचायला हवा. (बालरोगाची पदविका डीसीएच. या दोन अक्षरसमूहांची अदलाबदल झालेली मी एका सुशिक्षित घरात ऐकली आहे.)

खरी मेख आहे ती फेलोशिपमध्ये. कोरिया, जपान, जर्मनी, अमेरिका इथली फेलोशिप पाटीवर ठळक दिसते. ती तीन महिन्यांची असू शकते किंवा दोन वर्षांची. कवटीच्या तळाची शस्त्रक्रिया, बालकांची न्यूरोसर्जरी, एपिलेप्सी सर्जरी अशा उपशाखांत चांगल्या ठिकाणची दीर्घ फेलोशिप खरोखर मोलाची असते. पण फेलोशिप म्हणजे पदवी नव्हे, मूळ पदवीवरची ती भर आहे. मूळ पदवी कुठे लिहिलेलीच नसेल आणि फेलोशिपांची रांग असेल, तर थांबून विचारावे.

वैद्यकीय व्यवसायाच्या आचारसंहितेचे २००२चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. ज्या शाखेतली विशेष पात्रता नाही, त्या शाखेचा तज्ज्ञ असल्याचा दावा डॉक्टरला करता येत नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा लागतो आणि औषधाची चिठ्ठी, दाखला व पैशांची पावती या सगळ्यांवर लिहावा लागतो. हा पावतीचा मुद्दा लक्षात ठेवावा, शेवटी तोच कामाला येणार आहे.

नोंदणी क्रमांक कुठे तपासायचा?

दोन ठिकाणी. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असावी लागते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोध घेता येतो. डॉक्टरची माहिती पडताळण्यासाठी परिषदेने अलीकडे क्यूआर कोडची सोयही आणली आहे. दवाखान्यात तो लावलेला दिसला तर मोबाइल धरून पाहायला दोन मिनिटे पुरतात. देशभरातली नोंद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील ‘इंडियन मेडिकल रजिस्टर’मध्ये असते. २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी हा आयोग आला आणि रजिस्टरही तिकडे गेले.

शोध घेताना नावापेक्षा क्रमांकावर भर द्यावा. पाटील, कुलकर्णी, शेख, देशमुख या आडनावांच्या डॉक्टरांची यादी उघडली तर पुरेवाट होते. क्रमांक आणि नोंदणीचे वर्ष हाती असेल तर चूक होत नाही. क्रमांक कुठून मिळवायचा? पहिल्या भेटीच्या चिठ्ठीवरून. चिठ्ठीवर नसेल तर स्वागतकक्षात सरळ विचारावा. त्यात उद्धटपणा नाही आणि डॉक्टरांना त्याचा राग यायचे कारणही नाही.

रजिस्टरमध्ये मूळ पदवी दिसते, पण एमसीएच दिसत नाही, असेही होते. वाढीव पात्रतेची नोंद स्वतंत्रपणे करावी लागते आणि राष्ट्रीय रजिस्टरमध्ये ती कधी कधी मागे पडते. म्हणून तेवढ्यावरून कुणाला बोगस ठरवू नये. राज्य परिषदेची नोंद पाहावी, तिथेही नसेल तर डॉक्टरांना किंवा रुग्णालयाला विचारावे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तेव्हा ती चालू आहे का हेही पाहावे. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीकडची मंडळी हुबळी-बेळगावला जातात, नांदेडची हैदराबादला. तिथल्या डॉक्टरची नोंद त्या त्या राज्याच्या परिषदेत सापडेल. तिथला डॉक्टर महिन्यातून दोनदा इकडे येऊन तपासत असेल, तर त्याची इथली नोंदणी विचारणे रास्त आहे.

वाहकांच्या मुलाने हे सगळे केले. चारपैकी तिघांची न्यूरोसर्जरीची नोंद सापडली. चौथे नाव एका न्यूरोलॉजिस्टचे निघाले. डॉक्टर चांगले होते, फक्त शस्त्रक्रिया त्यांचे काम नव्हते.

पदवी खरी निघाली, मग झाले?

पदवी म्हणजे किमान अट. तुमच्या वडिलांच्या गाठीसाठी हा सर्जन योग्य आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचे उत्तर रजिस्टरमध्ये मिळत नाही, गुगलवरच्या पाच ताऱ्यांत तर नाहीच. पार्किंग आणि स्वागतिकेचे हसू यांवरून दिलेले तारे मेंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल काही सांगत नाहीत.

समोर बसून विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. अशा प्रकारच्या, याच जागेच्या किती शस्त्रक्रिया तुम्ही करता? नुकसान काय होऊ शकते : हात, बोलणे, दृष्टी? शस्त्रक्रिया न करता नुसते लक्ष ठेवले तर? लहान मेनिन्जिओमाबाबत हा शेवटचा प्रश्न अगदी खरा असतो, कारण काही गाठी काढण्याऐवजी ठरावीक काळाने एमआरआय करून पाहत राहणेच योग्य ठरते. शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार की तुमचा सहकारी? गाठ पूर्ण निघाली नाही तर पुढे रेडिएशन लागेल का आणि ते कुठे?

यातला एक प्रश्न मात्र लोक विचारतच नाहीत आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे : शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्णाजवळ कोण असेल?

महाराष्ट्रातले न्यूरोसर्जन प्रामुख्याने मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा शहरांत एकवटले आहेत. लहान जिल्ह्यांत अनेकदा ‘व्हिजिटिंग’ सर्जन येतो, शस्त्रक्रिया करतो आणि परत जातो. ही सोय वाईट नाही, तिच्यामुळे कित्येकांची फरपट वाचते. पण कवटी उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसात मेंदूत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो, सूज येऊ शकते, फिट येऊ शकते. रुग्णाची शुद्ध हरपू लागली तर मध्यरात्री सीटी स्कॅन करावा लागतो आणि गरज पडली तर तासाभरात पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. सर्जन तेव्हा दोनशे किलोमीटरवर असेल, तर त्याच्या जागी कोण? रुग्णालयात चोवीस तास सीटी चालू असतो का? अतिदक्षता विभागात रात्री तज्ज्ञ डॉक्टर असतो की नुसता निवासी? न्यूरोसर्जरीचा अनुभव असलेला भूलतज्ज्ञ आहे का? मध्यम कौशल्याचा सर्जन आणि उत्तम अतिदक्षता विभाग ही जोडी कधी कधी नामवंत सर्जन आणि सामान्य नर्सिंग होम या जोडीपेक्षा सुरक्षित ठरते.

रुग्णालयाला एनएबीएचचे मानांकन असेल तर काही किमान पद्धती पाळल्या जातात असे समजायला हरकत नाही. पण ते मानांकन रुग्णालयाचे असते, सर्जनचे नव्हे.

शोध कुठून सुरू करावा याचे एक उत्तर जुनेच आहे. मुंबईतले केईएम, नायर, शीव आणि जेजे, पुण्याचे ससून, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयाचे सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. मेंदूच्या कर्करोगासाठी टाटा मेमोरियल. रांग लांब, खाटा कमी, पण मेंदूच्या शस्त्रक्रिया तिथे रोजच्या रोज होतात. शस्त्रक्रिया खासगीत करायची असली तरी अशा ठिकाणच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा दाखवून घेता येते.

दुसरे मत घेतले तर डॉक्टर नाराज होतील का?

झाले तर होऊ द्यावेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत दुसरे मत घेण्याचा हक्क नोंदवलेला आहे. आचारसंहितेच्या नियमांनुसार मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत रुग्णाला त्याची वैद्यकीय कागदपत्रे द्यावी लागतात.

दुसऱ्या मतासाठी जाताना एमआरआयची फिल्म नव्हे, सीडी किंवा पेनड्राइव्ह न्यावा. फिल्मवर निवडक चित्रे असतात. सीडीतल्या डायकॉम फाइलमध्ये सगळे काप असतात आणि सर्जनला गाठ रक्तवाहिनीला किती चिकटली आहे ते सरकवून पाहता येते. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवून मिळालेले मत हे मत नव्हे, अंदाज असतो. आणि पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितले ते दुसऱ्यांना सुरुवातीलाच सांगू नये. त्यांचे ऐकून घ्यावे, मग सांगावे.

दुसऱ्या मताची सर्वाधिक गरज मणक्याला असते. सरकलेल्या गादीची कंबरदुखी पुष्कळ रुग्णांत विश्रांती, औषधे आणि व्यायामाने काही आठवड्यांत कमी होते. ‘उद्याच ऑपरेशन, नाहीतर कायमचे अपंगत्व’ हे वाक्य ऐकले की दुसरीकडे दाखवावेच. अपवाद ठरलेले आहेत : लघवी-शौचावरचा ताबा जाणे, बसायच्या जागेची संवेदना जाणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे. हे दिसले तर दुसरे मत वगैरे विसरून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे.

वेळच नसेल तर?

दुचाकीवरून पडून डोक्याला मार, अचानक उद्भवलेली आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी, चेहरा वाकडा होऊन हात लुळा पडणे. अशा वेळी पदवी, रजिस्टर, विमा यांतले काहीही तपासायचे नसते. १०८ क्रमांकाला फोन करायचा आणि एकच गोष्ट विचारायची : चोवीस तास सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन असलेले जवळचे रुग्णालय कोणते? गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन अर्धांगवायूची लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून दोन तास काढणे हा सर्वांत महाग निर्णय ठरू शकतो.

तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यावेत, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा रोखरहित उपचार मिळतो. डोक्याला मार लागलेल्याच्या नातेवाइकांनी रुग्णालयात ही योजना नाव घेऊन मागावी.

‘हे डॉक्टर इन्शुरन्स घेतात का?’

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक हाच प्रश्न विचारायला सांगतात, कारण तिकडे डॉक्टर स्वतः विमा कंपनीच्या जाळ्यात असतो किंवा नसतो. आपल्याकडे रोखरहित सुविधेचा करार बहुधा रुग्णालयाशी असतो. एकच न्यूरोसर्जन सकाळी ज्या रुग्णालयात असतो तिथे तुमची कंपनी चालते आणि संध्याकाळी ज्या रुग्णालयात असतो तिथे चालत नाही, असे सर्रास होते. म्हणून प्रश्न असा विचारायचा : हे डॉक्टर, या रुग्णालयात, या शस्त्रक्रियेसाठी, माझ्या पॉलिसीवर पूर्ण रोखरहित करतील का, की त्यांची फी वेगळी द्यावी लागेल?

‘फी वेगळी’ हीच वाहकांच्या कुटुंबाची ठेच. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत होते, मंजुरीही आली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी कळले की सर्जन बाहेरून येतात, कंपनीने ठरवलेल्या पॅकेजमध्ये त्यांची फी बसत नाही, आणि फरकाची रक्कम रोख द्यायची आहे. रात्री आठ वाजता कुठल्या मुलाने वाद घालावा? त्याने मेहुण्याकडून पैसे आणले आणि दिले.

त्यामुळे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या विमा कक्षाकडून खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, इम्प्लांट, अतिदक्षता विभाग यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. रुग्णालय जाळ्यात आहे का, हे रुग्णालयाच्या भिंतीवरच्या फलकावरून ठरवू नये. रुग्णालये आणि कंपन्यांचे दरांवरून वाजत असते, करार मोडतात, पुन्हा जुळतात, फलक तसाच राहतो. विमा कंपनीला किंवा पॉलिसी कार्डवरच्या टीपीएला त्याच आठवड्यात फोन करून विचारावे आणि उत्तर ईमेलवर मागावे.

रुग्णालय जाळ्यात नसले तरी सगळे संपत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांनी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केले. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी किमान ४८ तास आधी आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवले, तर जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातही रोखरहित मागता येते. मात्र कंपनी आणि रुग्णालय दोघांनीही होकार द्यावा लागतो, आणि रुग्णालये तो सहज देत नाहीत.

विमा नियामक इर्डाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार रोखरहित विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा आहे आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपेक्षा उशीर झाल्याने रुग्णालयाचे भाडे वाढले, तर तो भार कंपनीने सोसायचा आहे. घड्याळ मात्र रुग्णालयाने कागद पाठवल्यापासून धावते. डिस्चार्जची फाइल विमा कक्षाच्या टेबलावर दुपारपर्यंत पडून असेल तर त्याला कंपनी काय करणार? म्हणून कागद किती वाजता गेले ते विचारून लिहून ठेवावे.

पॉलिसीत न्यूरोसर्जरी नेमकी कुठे अडते?

चार जागी. पहिली जागा प्रतीक्षा कालावधी. आधीपासून असलेल्या आजारासाठी तो एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे, पूर्वी ४८ होता. त्याशिवाय अनेक पॉलिसींत ठरावीक आजारांची वेगळी यादी असते आणि मणक्याच्या गादीचे विकार त्यात हमखास सापडतात. नव्या पॉलिसीवर कमरेची शस्त्रक्रिया करायला गेलेले बरेच जण इथेच परत फिरतात. अपघातामुळे झालेल्या दुखापतीला ही अट सहसा लागू नसते, पण मग अपघाताची नोंद कागदावर हवी.

दुसरी जागा आधुनिक उपचारांची. नियामकाने बारा आधुनिक उपचारपद्धती पॉलिसीतून वगळता येणार नाहीत असे ठरवले. त्यांतल्या तीन थेट आपल्या विषयाच्या : कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवणारे डीप ब्रेन स्टिम्युलेशन, गामा नाइफसारखी स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी आणि शस्त्रक्रियेदरम्यान नसांवर लक्ष ठेवणारे न्यूरोमॉनिटरिंग. रोबोटिक शस्त्रक्रियाही याच यादीत आहे. पण वगळता येत नाही म्हणजे पूर्ण मिळते असे नव्हे. उपमर्यादा घालायची मुभा आहे आणि ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ती विमारकमेच्या ५० टक्के आहे. पाच लाखांच्या पॉलिसीवर डीप ब्रेन स्टिम्युलेशन करायला निघालेल्या माणसाने हे आधी वाचावे.

तिसरी जागा फसवी : खोलीभाडे. समजा, पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा रोज एक टक्का, म्हणजे पाच हजार आहे. तुम्ही आठ हजारांची खोली घेतली. लोकांना वाटते की रोजचे तीन हजार खिशातून गेले, हरकत नाही. पण प्रमाणशीर कपात लागू असेल तर सर्जनची फी, भूल, शस्त्रक्रियागृह यांवरही पाच अष्टमांशच मिळतात. या खर्चांचे बिल दोन लाख असेल तर सव्वा लाख मंजूर, ७५ हजार तुमचे. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे भाडे यांना ही कपात लावता येत नाही. बिलात ती लावलेली दिसली तर हरकत घ्यावी.

चौथी जागा पुढच्या खर्चाची. गाठीचा तपासणी अहवाल आठवड्याभराने येतो आणि रेडिएशनचा निर्णय त्यानंतर. शस्त्रक्रियेतच विमारक्कम संपली असेल तर पुढचे काय, हे आधी मोजावे. दाखल होण्यापूर्वीच्या तपासण्या आणि नंतरची औषधे ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात, बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. सोलापुरातल्या त्या एमआरआयचे बिल म्हणूनच फेकायचे नसते.

विमाच नसेल तर?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि केशरी-पिवळ्याबरोबर पांढरे कार्डधारकही त्यात आले आहेत. मेंदू आणि मणक्याच्या अनेक शस्त्रक्रिया यादीत आहेत. अडचण अशी की रुग्णालय योजनेत असले तरी न्यूरोसर्जरीसाठी असेलच असे नाही, मान्यता शाखेनुसार मिळते. १५५३८८ या क्रमांकावर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला नेमके तेच विचारावे. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण आहे.

धर्मादाय रुग्णालयांचा पर्याय मोठा आहे आणि माहिती सर्वांत कमी. मुंबई-पुण्यातली काही मोठी, चकचकीत रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय आहेत. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ अअ खाली आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे वार्षिक एक लाख ८० हजार आणि तीन लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे. नकार मिळाला तर तो लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तालयाकडे जावे. लेखी नकार मागितला की बऱ्याचदा खाट सापडते, हा पत्रकारितेतला जुना अनुभव.

दावा नाकारला किंवा कापला तर?

कंपनीला कारण द्यावे लागते, तेही पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा हवाला देऊन. २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या आढावा समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, त्याबरोबर इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर नोंद. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे शुल्क नाही, वकील लागत नाही. पाच वर्षे सलग पॉलिसी चालू असेल तर ‘आजार लपवला’ या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच.

वाहकांची शस्त्रक्रिया नीट झाली. गाठ साधी निघाली, हाताला फिजिओथेरपी सुरू आहे, कप आता डाव्या हाताच्या आधाराने धरतात. सर्जनला वेगळ्या दिलेल्या रकमेसाठी मुलाने प्रतिपूर्तीचा दावा केला. प्रमाणित पॉलिसीच्या शब्दांत फी रुग्णालयामार्फत दिलेली असो वा थेट डॉक्टरला, ती खर्चात धरली जाते. कंपनीने तरीही दावा परत पाठवला, कारण पावती साध्या कागदावर होती : रक्कम, सही आणि तारीख. डॉक्टरचे नाव नीट वाचता येत नव्हते आणि नोंदणी क्रमांक नव्हता. मुलगा दोनदा पुण्याला जाऊन आला. तिसऱ्या खेपेला त्याने आचारसंहितेतल्या पावतीच्या नियमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, पोच घेतली, आणि त्याच दुपारी त्याला छापील पावती मिळाली. दावा सध्या कंपनीकडे आहे.